अजून दात जुळायचेत

शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी आईच्या बरोबरीने पळतं. तीन वर्षांचं होईपर्यंत कुरणात त्याचं काय काय करून झालेलं असतं! शेपूट उभारून, खूर जमिनीला टेकले न टेकले अशी डौलदार दुडकी चाल. पळता पळता हवेतच पुढचा पाय बदलणं. कुंपणापाशी येऊन मागच्या पायांवर सगळं अंग तोलत जागच्या जागी गर्रकन वळणं. ड्रेसाज या घोडेस्वारीच्या खेळाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, ग्रां प्रीत, परीक्षक ज्यांना गुण देतात त्या पॅसाज, फ्लाइंग चेंज, पिरुएट या हालचाली म्हणजे थोड्याफार फरकाने हेच. कुणी शिकवलेलं नसतं. मग एक दिवस त्याच्या पाठीवर माणूस बसतो आणि त्याच जनावराला सरळ रेषेत चार पावलं नीट टाकता येईनाशी होतात.

डोक्यावर पहिल्यांदा भरलेला हंडा घेतलेली मुलगी आठवा. चुंबळ नीट बसलेली असली तरी तिची मान ताठते, पावलं छोटी आणि घाईची पडतात, कुणी हाक मारली तर वळून बघायची सोय नसते. तिला चालता येतच असतं. आता ओझ्यासकट चालणं शिकायचं असतं, आणि ते कुणी हात धरून ओढत शिकवू शकत नाही. शिंगराची गत हीच. त्यातून त्याच्या पाठीवरचा हंडा स्वतःच्या मनाने हलणारा.

मी उत्तर जर्मनीत राहते, ब्रेमेन आणि फेर्डेनच्या मधल्या एका गावात. इथल्या राज्याच्या चिन्हावर लाल पार्श्वभूमीवर पांढरा घोडा आहे, आणि इथे पावसाइतकाच घोडा हा बोलण्याचा विषय असतो. हानोव्हर जातीचे घोडे याच भागातले. सेले या गावातला वळूघोड्यांचा सरकारी तबेला १७३५ सालचा, अजून चालू आहे. मी नोकरी सांभाळून ज्या तबेल्यात जाते तिथल्या बाई साठी ओलांडलेल्या आहेत आणि आयुष्यभर त्यांनी एकच काम केलंय: कोरे घोडे फिरवणं. जर्मन लोक अशा माणसाला बेराइटर म्हणतात. आपल्या जुन्या पागांमध्ये चाबुकस्वार असे, त्याच्या जवळपासचा हुद्दा. त्यांची एक घोडी, बदामी रंगाची, साडेतीन वर्षांची, सध्या आमच्या दोघींच्या हाताखाली आहे. बापाचं नाव एफवरून म्हणून इथल्या रिवाजाने तिचंही एफवरून: फ्लोरा.

पहिल्यांदा पाठीवर बसण्याचा दिवस बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणा वाटतो, आणि वाटलाच पाहिजे. सिनेमात दाखवतात तसं उधळणं, पाडणं, पुन्हा चढणं यातलं काही घडलं तर ती फिरवणाऱ्याची नाचक्की. तोपर्यंत घोडी खोगिराला सरावलेली असते, तंग आवळताना पोट फुगवायचं तिने सोडलेलं असतं, लांब दोरीवर डाव्या-उजव्या दोन्ही हातांना कावा घेत चाल, दुडकी, थांब हे शब्द ती ओळखायला लागलेली असते. त्या दिवशी मी तिच्या तोंडाशी उभी होते, खिशात गाजराचे तुकडे. बाईंनी आपल्या शिकाऊ मुलाला, तबेल्यात सगळ्यात हलका म्हणून त्याला, गुडघ्याखाली हात देऊन उचललं आणि तो खोगिरावर पोट टेकून आडवा झाला. एवढंच. उतरला. पुन्हा आडवा झाला. मग केव्हातरी पाय पलीकडे टाकला, पण ताठ बसला नाही. आयाळीवर छाती टेकून तसाच राहिला.

याला कारण आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. कपाळाच्या अगदी समोरचा आणि थेट शेपटीमागचा पट्टा सोडला तर त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. पाठीवर एकाएकी उभं राहिलेलं माणसाचं धड त्याच्या नजरेच्या कडेला येतं, आणि पाठीवर उडी घेणाऱ्या प्राण्याबद्दल घोड्याच्या वंशाला लाखो वर्षांचा अनुभव आहे. मी फ्लोराला गाजर दिलं. तिने घेतलं, पण चावलं नाही. तुकडा तसाच दाढेत धरलेला, डोळ्यावरची कातडी ताणून त्रिकोणी झालेली, वरचा ओठ आवळलेला, पुढचे दोन पाय नेहमीपेक्षा रुंद फाकवलेले. एक कान माझ्याकडे, एक मागे. बाई काही बोलल्या नाहीत, मुलगा हलला नाही. बऱ्याच वेळाने जबडा हलला आणि गाजर मोडल्याचा आवाज आला. मग बाईंनी त्याला हळूहळू सरळ बसायला सांगितलं.

ते फाकवलेले पाय मला तेव्हापासून प्रत्येक कोऱ्या घोड्यात दिसतात. आपल्या गळ्याखाली आडवं जे हाड हाताला लागतं ते घोड्याला नसतंच. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नाहीत. त्या दोन पायांच्या मधे छाती स्नायूंनी तोलून धरलेली असते. उभ्या घोड्याचं निम्म्याहून बरंच जास्त वजन, साधारण तीन पंचमांश, पुढच्या पायांवर येतं. माणूस बसतो तोही खांद्यांच्या लगेच मागे, म्हणजे आधीच जड असलेल्या बाजूला. ती छाती तोलणारे स्नायू बळकट होईपर्यंत घोडा पुढे कलंडत चालतो. ते बळकट व्हायला महिने लागतात, आणि मागचे पाय पोटाखाली येऊन ओझ्यातला आपला वाटा उचलायला लागायला वर्षं. ड्रेसाजची सगळी शिकवण या एका उलथापालथीसाठी आहे. मागून जोर, पुढून हलकेपणा.

हे एकदा डोक्यात बसलं की तबेल्यात दिवसभर कानावर पडणाऱ्या तक्रारींचा अर्थच बदलतो. हा हट्टी आहे, ही आळशी आहे, हा मुद्दाम करतो, ही पळ काढते. कोऱ्या घोड्याच्या बाबतीत माझं मत पक्कं झालंय: दहातल्या नऊ खोड्या म्हणजे तोल गेल्याची तक्रार असते. दहावी बहुधा दुखण्याची.

फ्लोराचंच घ्या. आमचा हॉल वीस मीटर बाय चाळीस मीटरचा, कडेने ठराविक अक्षरं लावलेली. एम आणि सी यांच्या मधल्या कोपऱ्यातून डाव्या हाताला जाताना ती आत घसरायची. कोपरा खायची म्हणा ना. त्या कोपऱ्यात मोठं सरकतं दार आहे, त्यामुळे तबेल्यातल्या मंडळींनी निदान करून टाकलं की दाराला भिते. एकीने सांगितलं, बाहेरची लगाम ओढून धर. एकीने सांगितलं, छडी घे. बाई दोन दिवस बाकावर बसून नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, तिला दोरीवर ने, खोगीर काढून. पाठीवर काही नसताना फ्लोरा त्याच कोपऱ्यातून, त्याच दारासमोरून, डाव्याच हाताला पार कडेकडेने गेली. त्यानंतर त्यांनी मला बाकीच्या तीन कोपऱ्यांकडे लक्ष द्यायला लावलं. पाठीवर माणूस असताना डाव्या हाताला ती चारही कोपऱ्यांत तेच करत होती. दार एकाच कोपऱ्यात होतं म्हणून लोकांना तेवढाच दिसत होता.

माणसं डावखुरी-उजवी असतात तसा प्रत्येक घोडाही एका बाजूला वाकडा जन्मतो. कुणाचा डावा मागचा पाय नुसता ढकलायला तयार असतो, ओझं उचलायला नाही. डाव्या वळणात नेमका तोच पाय पोटाखाली येऊन भार घ्यायला हवा असतो. फ्लोरा तो थोडा बाहेर टाकायची, भार डाव्या खांद्यावर पडायचा आणि खांदा जिकडे पडेल तिकडे घोडा जातो. अशा वेळी बाहेरची लगाम ओढली तर मान बाहेर वळते, खांदा आत पडायचा तो पडतोच, आणि जनावराला कळत नाही की आपण चुकलो कुठे. म्हणून आम्ही कोपरा मुळी सोडूनच दिला. मोठ्या वर्तुळावर फिरायचं. कोपऱ्याच्या आधी दुडकीतून चालीवर यायचं, तोल सावरू द्यायचा, मग वळायचं. डावा मागचा पाय जमिनीवरून सुटतो त्या क्षणी आतल्या पोटरीचा हलका स्पर्श. त्याच्या आधी नाही, नंतरही नाही, कारण टेकलेल्या पायाला तुम्ही काहीही सांगितलं तरी तो ऐकू शकत नाही. हे लिहायला एक ओळ पुरते. अंगात यायला स्वाराची मांड तेवढी शांत व्हावी लागते की डोळे मिटून कोणता पाय कुठे आहे ते सांगता यावं.

पळ काढणाऱ्या घोड्याचंही असंच. तो पुढे पडत असतो, पडू नये म्हणून पावलं भराभर टाकत असतो. स्वार घाबरून लगाम खेचतो, मग घोड्याला टेकायला जागा मिळते. इथले लोक म्हणतात, हाताचा पाचवा पाय केला. दोघं एकमेकांना ओढत राहतात आणि दोघांनाही वाटतं समोरचाच ताकद लावतोय. बाईंचा उपाय सोपा आणि अंगावर काटा आणणारा: सोडून दे. क्षणभर लगाम पुढे दे. टेकायला हात नाही म्हटल्यावर घोड्याला आपले चार पाय आठवतात. पहिल्यांदा हे करताना पोटात गोळा येतो हे खरं.

या दिवसांत कामाचा वेळ विसेक मिनिटांचा. बघणाऱ्याला त्यात काहीही दिसत नाही. चाल, दुडकी, चाल, थांब, पुन्हा चाल. मोठं वर्तुळ, हात बदल, पुन्हा वर्तुळ. कँटरची, म्हणजे दुडकीच्या पुढच्या वेगवान चालीची, पहिली वेळ तर हसू यावं अशी. खूण दिली की शिंगरू आधी दुडकीच जोरात पळवतं, पाय एकमेकांत गुंततात, मग कसंबसं कँटरमध्ये पडतं, बहुतेकदा चुकीच्या पायावर. पडू द्यायचं. अर्धं वर्तुळ झालं की शाबासकी देऊन चालीवर आणायचं. मिळवायची गोष्ट वेगळीच असते. मध्येच कधीतरी घोडी मान पुढे आणि खाली सोडते, नाक गुडघ्यापर्यंत जातं. मानेपासून पाठीपर्यंत जाणारा दोरखंडासारखा जाड बंध ताणला जातो, पाठ वर उचलली जाते, आणि स्वाराला खोगिराखाली काहीतरी भरून आल्याचं जाणवतं. शेपूट दोन्ही बाजूंना सैल झुलते. मग नाकातून एक लांब फुरफुर. जर्मन घोडेवाल्यांचा या फुरफुरीवर फार जीव. हॉलमध्ये कुणाचाही घोडा फुरफुरला की तीन कोपऱ्यांतून तीन माणसं हसतात. आमच्या बाई तर तेवढ्यावर काम संपवतात. उतर, म्हणतात, आज पुरे.

माझे मामा आंबेगाव तालुक्यातले. घाटातल्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते, ती त्यांच्याकडे असायची. मधली काही वर्षं शर्यती बंद होत्या तेव्हाही त्यांनी ती विकली नाही. फोन केला की तब्येतीच्या आधी फ्लोराची चौकशी.

"अगं, अजून गोलगोलच फिरवतीस व्हय तिला?"

"हो मामा."

"वय काय म्हणली?"

"साडेतीन."

"मग काय. अजून दात जुळायचेत तिचे. फिरव गोलगोल."

मामांनी बैलाचा हिशेब घोडीला लावला, पण तो मी ऐकलेल्या कितीतरी व्याख्यानांपेक्षा नेमका होता. घोड्याला चोवीस दुधाचे दात असतात. पुढचे बारा अडीच वर्षांपासून साडेचार वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने पडतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. मागचे बारा, दाढांच्या ओळीतले, अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान. म्हणजे ज्या काळात आपण त्याच्या तोंडात पहिल्यांदा लोखंडाची कडी देतो, हातातून बोलायला शिकवतो, डोकं स्थिर ठेव म्हणतो, नेमक्या त्याच काळात त्याचं तोंड दुखत असतं. आपल्या घरात सात वर्षांच्या पोराचा दात हलत असला तर आपण त्याला ऊस खायला देत नाही.

गेल्या हिवाळ्यात फ्लोरा डोकं एका बाजूला तिरकं धरायला लागली. उजवा कान खाली, डावा वर. उजवी लगाम घेतली की जीभ काढायची. तबेल्यात सल्ल्याला तोटा नसतो: नाकपट्टी आवळ, तोंड उघडायलाच देऊ नको. हा सल्ला मला नेहमीच चीड आणतो. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत हा साधा नियम आहे, आणि ती आवळून मिळते ती शांतता तक्रार ऐकू न येण्याची. बाईंनी दातांच्या डॉक्टरला बोलावलं. त्याने तोंडात चिमटा लावून, डोक्याला दिवा बांधून, उजव्या बाजूला हात कोपरापर्यंत घातला आणि एक पिवळसर, झिजलेली, खालून पोकळ अशी टोपी काढून माझ्या तळहातावर ठेवली. दुधाच्या दाढेचं टोपण. खालून नवी दाढ वर आलेली, हे अर्धवट सुटलेलं, एक कडा हिरडीत रुतलेली. तीन-चार दिवस आम्ही तिला कडीशिवाय नुसत्या दोरीवर फिरवलं. मग लगाम घातली तर डोकं सरळ. ते टोपण मी घरी घेऊन आले. टेबलावर पेनांच्या शेजारी आहे. आलेले लोक त्याला शंखाचा तुकडा समजतात.

या संथपणाला हळव्या मनाचा शौक समजू नये. तो घोडदळातून आलाय. आज ड्रेसाजवाले ज्या सहा पायऱ्यांची जपमाळ ओढतात, म्हणजे ताल, सैलपणा, लगामीशी जुळणं, जोम, सरळपणा आणि सगळ्यात शेवटी अंग एकवटणं, त्यांचं मूळ जर्मन लष्कराच्या १९१२ च्या घोडेस्वारीच्या नियमपुस्तिकेत शोधतात. लष्कराला नाचरे घोडे नको होते. थकलेल्या शिपायाला दिवसभर वाहून नेईल आणि वर्षानुवर्षं लंगडणार नाही असं जनावर हवं होतं. त्यासाठी नव्या घोड्याची तालीम दोन वर्षांची धरलेली: पहिल्या वर्षीचे तरुण रेमाउंट, दुसऱ्या वर्षीचे जुने. हिशेबी सैन्याने दोन वर्षं खर्ची घातली ती घाई महागात पडते म्हणून. त्याहून कितीतरी मागे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, अथेन्सचा झेनोफोन हा सेनानी घोड्यांवर लिहिताना सल्ला देतो की शिंगरू शिकवायला देताना त्याला काय काय यायला हवं ते करारात लिहून द्यावं. मला तो व्यवहारीपणा फार आवडतो. आजही कितीतरी भांडणं टळतील.

तोलाची गोष्ट निघाली की मला लिस हार्टेल ही डॅनिश बाई सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोलिओने तिचे पाय गुडघ्याखाली निकामी झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज पहिल्यांदा स्त्रियांना खुलं झालं. त्याआधी फक्त लष्करी अधिकाऱ्यांना भाग घेता येई. (१९४८ मध्ये स्वीडनच्या संघाचं सुवर्ण काढून घेतलं गेलं, कारण त्यांचा एक स्वार प्रत्यक्षात सार्जंट निघाला. घोड्याला यातलं काही कळलं नसावं.) हेलसिंकीत हार्टेलने ज्युबिली या घोडीवर वैयक्तिक रौप्य मिळवलं, चार वर्षांनी पुन्हा रौप्य. टाच मारायची सोय नसलेली स्वार. घोडीशी बोलायला तिच्याकडे होता तो आपल्या अंगाचा तोल आणि हात. कोऱ्या घोड्यावर बसून पोटऱ्यांनी सतत ठोकत राहणारं कुणी दिसलं की मला ज्युबिली आठवते.

बाजार मात्र वेगळं सांगतो. फेर्डेनला घोड्यांचे मोठे लिलाव होतात. झगझगीत दिवे, संगीत, आणि तीन-चार वर्षांची घोडी गुडघे उचलून पुढचे पाय असे फेकतात की प्रेक्षकांतून आ निघतो. त्या आवाजावर बोली चढते. मी तिथे जाते, मजाही वाटते, खोटं कशाला बोला. पण बाई शेजारी असतात आणि त्या दुडकीकडे बघतसुद्धा नाहीत. घोडा आत येताना आणि बाहेर जाताना, संगीत थांबल्यावर, तो कसा चालतो तेवढंच बघतात. दुडकी बनवता येते, त्या म्हणतात, चाल घेऊनच यावी लागते. आणि चाल बिघडवणं अगदी सोपं: पाठ ताठली की चार सुट्या ठोक्यांची चाल दोन-दोनच्या जोड्यांत मोडते. ती पुन्हा घडवायला फार कमी लोकांना जमलंय. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांच्या पुढेही चालू असते हे लिलावाला आलेल्या बहुतेकांना माहीत असतं. पाच वर्षांच्या घोड्यांचं जागतिक अजिंक्यपदही असतं, तेही माहीत असतं. दुसरी माहिती पहिलीवर मात करते. तरी ज्यांनी वाट पाहिली त्यांचे घोडे बघा. डलेरा या घोडीने येसिका फॉन ब्रेडोव्ह-वेर्न्डल हिच्याबरोबर पॅरिसला २०२४ मध्ये सलग दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले लिपिझ्झानर तर विशीतही काम करतात.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं तेव्हा मला घरच्यांचे, जुन्या मैत्रिणींचे धडाधड निरोप आले. घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं सुवर्ण. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि आपल्या मुंबईचा हृदय छेडा. अनुषला एट्रोवर वैयक्तिक कांस्यही. निरोपांमध्ये एक प्रश्न मात्र सारखा होता: तो घोडा नाचवतात तोच खेळ ना? मी रागावले नाही. पॅसाज आणि लग्नाच्या वरातीतल्या घोडीची थिरक दिसायला सारखीच. फरक विचारायचा तो घोड्याच्या पाठीला आणि तोंडाला. एकाने तिथवर यायला सहा-सात वर्षं घेतलेली असतात आणि पाठ सैल असते. दुसरीला बहुतेकदा तोंडातल्या वेदनेपासून पळायला वरच तेवढी जागा उरलेली असते. सगळेच तसं करतात असं माझं म्हणणं नाही. मामांच्या गावात जनावरावर पोटच्या पोरासारखी माया करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण काटेरी कड्याही पाहिल्या आहेत, आणि त्या अजून बाजारात मिळतात.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. हौसेने जाणाऱ्यांची गर्दी वाढते आहे, काही जण घोडा घेऊनही येतात. तुम्ही जाणार असाल तर ढोल वाजायला लागल्यावर दिसेल ते बघा, पण त्यावर पैसे लावू नका. मालकाला म्हणा, लगाम सैल सोड आणि साध्या चालीने वीस पावलं ने. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या पुढे पडतो का ते मातीत बघा. ओठ उचलून दात बघा. वय तिथे कळतं, सांगण्यावर जाऊ नका. कडी हातात घेऊन बोट फिरवा. काटे किंवा गाठी असलेली कडी वापरायला ओझ्याच्या जनावरांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे, तेही मालकाला ऐकवा. आणि पाच वर्षांच्या आतलं जनावर मागच्या पायांवर नाचवून दाखवत असतील तर भाव विचारू नका, पुढे चला.